साडेचौदा पावलं

मापाच्या बाबतीत माझ्या हातून चूक होत नाही. ही बढाई नाही, नोकरी आहे. बावीस वर्षं मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. शहरातला प्रत्येक तराजू, तेलवाल्याचं प्रत्येक लिटर, कापडवाल्याची प्रत्येक मीटरपट्टी वर्षातून एकदा माझ्या टेबलावर येते आणि शिक्का घेऊनच परत जाते. मला लांबून पाहिलं तरी भाजीवाल्यांचा हात आपोआप काट्यावरून मागे सरतो. बायको म्हणते, तुम्ही चहात साखर घालतानासुद्धा चमचा डोळ्यांच्या रेषेत धरून बघता. बघतो. त्यात काय चुकलं?

म्हणून तर टेकडी संघाने फुटबॉलचं मैदान आखायचं काम माझ्यावर सोपवलं. आता हे काम म्हणजे काय भानगड आहे, ते आधी सांगतो.

आमच्या शहरात संघ दोन. टेकडीवरच्या वस्तीचा तो टेकडी संघ, पिवळ्या कपड्यांचा. खाली कालव्याच्या काठचा तो कालवा संघ, निळा. मैदान मात्र एकच, दोघांच्या बरोबर मधे. वैर किती जुनं, ते कोणालाच आठवत नाही, पण आहे मात्र ताजं. टेकडीवरचा माणूस कालव्याकडच्या न्हाव्याकडे जात नाही. तो एका बाजूचे केस कापून सोडून देतो, असं आम्हाला लहानपणीच सांगितलेलं असतं. मैदान कोणी आखायचं यावरून पन्नास वर्षांपूर्वी एवढी मारामारी झाली म्हणे, की मॅच खेळायला दोन्हीकडे धड अकरा माणसं उरली नाहीत. तेव्हा तडजोड निघाली. टेकडीकडचा अर्धा भाग टेकडीचा माणूस आखणार, कालव्याकडचा अर्धा कालव्याचा. दोघांनी मध्यरेषेवर भेटायचं आणि आपापल्या बादल्या घेऊन मागे फिरायचं. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतातच, त्यामुळे कोणी वाकडंतिकडं आखलं तरी ते दोघांच्याही वाट्याला येतं. निदान कागदावर तरी.

हा कालव्याचा माणूस म्हणजे माझे सासरे.

हो, मी कालव्याची मुलगी केली. अठरा वर्षं झाली. टेकडीवर काही जण अजून मला 'बदली खेळाडू' म्हणतात. पण माझं रक्त तपासलंत तर पिवळं निघेल, हे बायकोसुद्धा मान्य करते. ती म्हणते काविळीचंही तसंच असतं.

सासरे निवृत्त पोस्टमन. पस्तीस वर्षं त्यांनी हे शहर पायांनी मोजलं. त्यांचं म्हणणं असं, की आपलं पाऊल सत्तावीस इंचांचं, अंगात ताप असला तरी त्यात फरक पडत नाही. मैदानही ते पावलांनीच आखतात. गोलरेषेपासून आठ पावलांवर छोटी चौकट, सोळा पावलांवर पेनल्टीचा ठिपका, चोवीस पावलांवर मोठी चौकट. आठ, सोळा, चोवीस. एका हातात फक्कीची बादली, ओठ आपले हलताहेत, की झालं काम.

मला हे बघवत नाही. उद्या एखादा दुकानदार म्हणाला, 'साहेब, मी मुठीने तोलतो,' तर मी काय त्याच्या मुठीवर शिक्का मारू? माझ्याकडे दोरी आहे. सुती, घट्ट पिळाची, करंगळीएवढी जाड. तिला तीन गाठी. अठरा फुटांवर, छत्तीस फुटांवर, चोपन्न फुटांवर. ऑफिसच्या पोलादी टेपवर इंचन् इंच जुळवून मी स्वतः मारलेल्या. त्याला अकरा वर्षं झाली. लोकांची मापं मी दर वर्षी तपासतो. दोरी एकदा तपासून बघावी, असं अकरा वर्षांत कधी मनात आलं नाही. कारण ती माझी होती.

राहता राहिला मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ, धंद्याने बेकरीवाला आणि कालव्याचा गोलकीपर. एका फायनलला त्याच्या हातून चेंडू सुटला होता, तेव्हापासून मी त्याला 'लोणी' म्हणतो. सगळं शहरच आता म्हणतं, पण मूळ शोध माझा. त्या वर्षी त्याला एकोणचाळीस पूर्ण झाली. फायनलमध्ये टेकडीची एकही पेनल्टी त्याला आजवर अडवता आली नव्हती. कालव्याने एक विशीतला नवा गोलकीपर हेरून ठेवला होता, आणि लोणीला सांगितलं होतं, फायनल होऊ दे, मग तुझं तूच ठरव.

फायनलच्या आठवड्यात तो आमच्याकडे आला आणि बसल्या जागी डोळे चोळायला लागला.

"पीठ गेलं का रे?" बायकोने विचारलं.

"पीठ नाही गं ताई. हल्ली नजरेचा भरवसाच वाटत नाही. डॉक्टर म्हणतात काही झालेलं नाही. पण चेंडू त्यांच्या अंगावर थोडाच येतो? रविवारी बघतो. नीट दिसलं तर आणखी एक वर्ष खेळेन. नाही दिसलं तर हातमोजे देऊन टाकीन."

"लोणी कितीही जपलं तरी वितळायचंच," मी म्हणालो.

बायकोने माझ्यासमोरचा चहा उचलून आत नेला. अर्धा प्यायचा राहिला होता.

रविवारी सकाळी साडेसहाला मी मैदानावर हजर. दोरी पिशवीतून काढली तर साबणाचा छान वास आला. बायकोने धुतलेली दिसत होती. पांढरीशुभ्र, जरा कडक. मला बरं वाटलं. माहेर कालव्याचं असलं तरी सामानाला जपते. एक बारीकशी गोष्ट मात्र तेव्हाही जाणवली होती. एरवी दोरीचं टोक माझ्या पंजाला दोन वेढे बसतं. त्या दिवशी दुसरा वेढा पुरा होईना. मी हाताकडे बघितलं आणि मनाशी म्हणालो, वजन वाढलंय, संध्याकाळचं फिरणं सुरू करायला हवं.

मी चौकटी आखल्या, ठिपका टाकला आणि मागे सरून बघत उभा राहिलो. सासरे बादली घेऊन नुकतेच येत होते. माझ्या गोलजवळ थांबले. डोकं तिरकं केलं.

"जावईबापू, तुमची बाजू जरा आखूड दिसते."

"दिसत असेल, मामा. वयाने दिसतं तसं."

"मी चालून बघू?"

"नको," मी म्हणालो. "दोरी चुकत नाही. पावलं चुकतात."

एवढं म्हणून थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण सकाळची वेळ, समोर पांढऱ्याधोप रेषा. मी पुढे म्हणालो, "खात्याचा माणूस मोजतो तेव्हा पोस्टखात्याने मधे बोलू नये."

माझ्या रेषेच्या कडेकडेने शांतपणे चालत, ओठ हलवत सासरे आपल्या बाजूला निघून गेले. मध्यरेषेवर भेटलो तेव्हा दोन्ही मंडळांच्या चिटणीसांनी 'आखणी मान्य' म्हणून वहीत सह्या केल्या, आणि मी शीळ घालत घरी आलो.

दुपारी जेवताना बायको म्हणाली, "दोरी बघितलीत? कशी झाली?"

"छान झाली. कशाने धुतलीस?"

"टेबलावरची कापडं उकळत घातली होती ना, त्यातच सोडली. तासभर. फक्कीचे नुसते पापुद्रे बसले होते अहो तिच्यावर. वर्षाची फायनल, म्हटलं दोरी तरी स्वच्छ असावी."

माझा घास तोंडातच राहिला. सुती माल उकळला की आटतो. हे वाक्य मी शहरातल्या प्रत्येक कापडवाल्याला ऐकवलेलं आहे. 'धुवून आटेल ते धरून माप द्या' असा फलकसुद्धा मीच लावायला लावला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

मी हात न धुताच उठलो. पिशवीतून पोलादी टेप काढली. दोरीचं टोक बायकोला स्वयंपाकघराच्या खिडकीशी धरायला लावलं आणि हॉलमधून, जिन्यावरून, शेजाऱ्यांच्या दारापर्यंत गेलो. छत्तीस फुटांची गाठ बत्तीस फूट सहा इंचांवर होती. मी तीनदा मोजलं. शेजाऱ्यांनी दार उघडलं, माझा चेहरा बघितला आणि परत लावून घेतलं.

"अगं, पेनल्टीचा ठिपका साडेतीन फूट जवळ पडलाय! आणि दुसऱ्या हाफला त्या गोलमध्ये तुझा भाऊ असणार आहे!"

"म्हणजे तुमच्या लोकांना सोपं?"

"म्हणजे मी काटा मारला! वजनमापे खात्याच्या निरीक्षकाने स्वतःच्या संघासाठी काटा मारला, असं म्हणतील लोक. मुद्दाम तर नाही केलंस?"

बायकोने दोरी सोडून दिली. "माझा भाऊ गोलमध्ये असताना मी ठिपका त्याच्या नाकाशी आणीन? जेवा आधी."

जेवण कसलं सुचतंय? मी फक्कीची बादली उचलली आणि धावलो. मॅच चारला. मी पोचलो तेव्हा तीन वाजले होते आणि दोन्ही बाजूंची गर्दी जमायला लागली होती. मनाशी ठरवलं, गुपचूप जायचं, जुना ठिपका पायाने पुसायचा, नवा टाकायचा, दोन मिनिटांचं काम. पायाने पुसायला सुरुवात केली मात्र, कालव्याच्या बाजूने आरोळी उठली.

"ठिपका हलवतोय! टेकडीवाला ठिपका हलवतोय!"

क्षणात चाळीस निळे सदरे माझ्याभोवती. सगळ्यांत पुढे कालव्याचा चिटणीस. तोच तो न्हावी.

"काय चाललंय साहेब?"

"चूक दुरुस्त करतोय. ठिपका जवळ पडलाय. मागे न्यायचा आहे. तुमच्याच फायद्याचं आहे हो."

न्हावी मागे वळून आपल्या लोकांना म्हणाला, "ऐकलंत? टेकडीवाला आपल्या फायद्याचं बोलतोय." आणि सगळे एकदम गप्प झाले. मग माझ्याकडे वळला. "साहेब, खरं सांगा. नव्या जागेवर खड्डा आहे की दगड पुरलाय?"

"अहो, दोरी आटली! बायकोने उकळली!"

हे तोंडातून निघाल्यावर माझं मलाच कळलं, की असली सबब मी स्वतः कुठल्या दुकानदाराची कधी ऐकून घेतली नसती.

तेवढ्यात रेफरी आले. ते बाहेरगावचे, पेशाने दातांचे डॉक्टर. त्यांनी खाली वाकून रेषांवरून नजर फिरवली. "सरळ आहेत, पांढऱ्या आहेत, मधे फटी नाहीत. मला काही त्रास दिसत नाही. सकाळी दोघांच्या सह्या झाल्यात. आता बदल करायचा तर दोघांचीही संमती हवी."

"आमची नाही," न्हावी म्हणाला. "ठिपका सकाळी होता तिथेच राहणार."

आणि त्यांनी माझ्याच बादलीतली फक्की घेऊन तो ठिपका होता तिथेच पुन्हा गिरवला, अगदी ठसठशीत. वर दोन दणकट माणसं पहाऱ्याला बसवली. कालव्याची माणसं कालव्याच्याच गळ्याला लागलेला फास राखत बसली होती, आणि मी समोर उभा राहून विनवण्या करत होतो. असली राखण मी जन्मात बघितली नाही.

शेवटचा उपाय म्हणून सासऱ्यांकडे धावलो. ते मैदानाच्या दुसऱ्या टोकाला घडी केलेल्या वर्तमानपत्रावर बसले होते.

"मामा, तुमचं ऐकतील ते. ठिपका जवळ पडलाय, तुम्ही तरी सांगा!"

त्यांनी चष्मा पुसला. "दोरी चुकत नाही ना, जावईबापू? मग राहू द्या."

चार वाजता शिट्टी झाली. मी टेकडीच्या गर्दीत, माझ्या गोलच्या अगदी मागे जाऊन बसलो. एरवी मी मॅचभर बसत नाही. पहिला हाफ कोरा गेला. माझ्या मनात एकच जप चालू होता: या गोलसमोर पेनल्टी नको, बाकी काय व्हायचं ते होवो.

दुसऱ्या हाफच्या सुरुवातीला पेनल्टी मिळाली, पण ती कालव्याला, पलीकडच्या गोलवर. गोल झाला. एक शून्य. सगळी टेकडी सुतकात गेली आणि मी मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकला. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, हरू या. असेच, गपचूप, एक शून्यने हरू या.

शेवटची दोन मिनिटं उरली असताना आमचा एक खेळाडू चौकटीत शिरला आणि निळ्या बचाववाल्याने त्याला आडवा केला. दातांच्या डॉक्टरांनी शिट्टी फुंकली आणि बोट ठिपक्याकडे केलं.

टेकडीच्या गर्दीत असा जल्लोष झाला की माझ्या बाजूच्या म्हाताऱ्याची टोपी माझ्या मांडीवर येऊन पडली. आमची पेनल्टी घेतो वेल्डर. त्याला तोफ म्हणतात. दिवसभर लोखंड उचलून त्याच्या मांड्या खांबासारख्या झाल्यात, आणि आजवर त्याची पेनल्टी चुकलेली नाही. बरोबर छत्तीस फुटांवरून चुकलेली नाही. इथे तर बत्तीस फूट सहा इंच.

मी हिशेब केला. मला न करता राहवतच नाही. अंतर जवळजवळ दहा टक्के कमी, म्हणजे वेळ दहा टक्के कमी. मुळात गोलकीपरला वेळ मिळतो पापणी लवेल तेवढाच. त्यातला दहावा हिस्सा मी दोरीला बांधून घरी नेला होता. समोर, जाळीच्या पलीकडे, लोणीची पाठ दिसत होती. एकोणचाळीस वर्षांची, भट्टीसमोर जरा वाकलेली पाठ. त्याने एकदा डोळे चोळले. तोफेकडे बघितलं. मग मान किंचित मागे घेतली, जसं कोणी फार जवळ येऊन बोलायला लागलं की आपण घेतो.

मला तेव्हा फार वाईट वाटलं, हे सरळच सांगतो. मी याच्या हातांना अठरा वर्षं नावं ठेवली, आणि आता त्याच हातांच्या वाटचा वेळ मी चोरला होता. सगळी टेकडी 'तोफ, तोफ' ओरडत होती. मी त्या गर्दीत बसून, आतल्या आत, माझ्याच संघाची पेनल्टी चुकावी म्हणून हात जोडत होतो.

तोफ धावत आला.

सगळे गोलकीपर आधीच एका बाजूला झेपावतात. अंदाज बांधतात, लागला तर लागला. लोणी हलला नाही. चेंडूला पाय लागेपर्यंत तो नुसता उभा होता, हात बाजूला, बोटं सैल, भट्टीच्या दारात पावांचा पत्रा बाहेर येण्याची वाट बघत उभा असतो तसा. फटका बसला. चेंडू डाव्या कोपऱ्यात, वर, खांब आणि आडवी दांडी जिथे मिळतात तिथे निघाला होता. तो मला दिसलाच नाही. मला दिसला तो लोणी, हवेत. एवढा जड माणूस जमिनीला आडवा, पूर्ण लांब, आणि त्याला खाली यायची काही घाई नव्हती. आणि तो चेंडू त्याने ढकलला नाही, बोटांनी खांबावर लोटलाही नाही. दोन्ही हातांनी झेलला! झेलला, छातीशी घेतला, खाली आपटला, एकदा लोळला, आणि उठून बसला तेव्हा चेंडू मांडीवर होता.

निळ्यांनासुद्धा ओरडायला वेळ लागला. मी आयुष्यभर फुटबॉल बघतोय, पण असलं काही बघितलं नव्हतं. आणि ते काय होतं हे तिथल्या तीन हजार माणसांत फक्त मला ठाऊक होतं. बाकीच्यांनी एक अवघड झेल बघितला. मी अशक्य झेल बघितला, कारण तो अशक्य करायची व्यवस्था मीच केली होती.

मला भान आलं ते एका आवाजाने. कोणीतरी टाळ्या वाजवत होतं आणि "शाब्बास रे लोणी, शाब्बास!" म्हणून ओरडत होतं. मी आजूबाजूला बघितलं. सगळे पिवळे सदरे माझ्याकडे बघत होते. टाळ्या माझ्याच हातांच्या होत्या.

"बदली खेळाडू," बाजूचा म्हातारा म्हणाला, आणि माझ्या मांडीवरची टोपी उचलून दोन रांगा पलीकडे जाऊन बसला.

आमच्या घरी बायकोने लग्नापासून एक नियम घातलाय. फायनल कोणीही जिंको, संध्याकाळी सगळ्यांनी सासऱ्यांकडे एकत्र जेवायचं आणि हरलेल्या बाजूने भांडी घासायची. हरलेली बाजू म्हणजे नेहमी मी एकटाच. मी मुकाट्याने मोरीशी उभा होतो. बाहेर शेजारीपाजारी पेढे मागावेत तसे किस्से मागून जात होते आणि प्रत्येक जण तेच सांगत होता: तोफेने हातातच दिला, तोफेचा पाय घसरला, नशीब जोरावर होतं. मी ऐकत होतो आणि कढई घासत होतो. ठरवलं होतं की तोंड उघडायचं नाही. बायकोला वाटत होतं ठिपका मी दुपारीच दुरुस्त केला, आणि न्हाव्याच्या मंडळींनी माझं खरं मानलंच नव्हतं. निळ्यांनी मॅच जिंकली, कोणाचं नुकसान झालं नाही, दोरी जाळून टाकायची आणि विषय संपवायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची.

शेजारी गेले. मग लोणी बोलला. आवाज अगदी साधा होता.

"ताई, मी मोजे देऊन आलो त्या नव्या मुलाला."

"अरे! आज? एवढा झेल घेतल्यावर?"

"झेल नशिबाने बसला गं. पण त्याआधी काय झालं सांगू? तोफ ठिपक्यावर उभा राहिला, तर मला तो एवढा मोठा दिसला. इतकी वर्षं बघतोय त्याला, कधी एवढा मोठा दिसला नव्हता. चेंडूही मोठा. जणू नाकासमोर ठेवलाय. तेव्हाच म्हटलं, गेली नजर. अंतरच कळेनासं झालं म्हटल्यावर गोलमध्ये कशाला उभं राहायचं? बरं झालं, जिंकून थांबलो."

माझ्या हातातली कढई तशीच राहिली.

आता नीट विचार करा. मी गप्प बसलो असतो तर माझी अब्रू शाबूत राहिली असती. शिवाय कालव्याचा गोलकीपर गेला असता, म्हणजे असला झेल घेणारा माणूस टेकडीच्या वाटेतून फुकटात दूर झाला असता. पिवळ्या रक्ताच्या माणसाने दोन्ही हातांनी घ्यावी अशी संधी. पण ज्या माणसाने तो झेल घेतला, त्याने स्वतःला आंधळा समजून घरी बसावं, हे मला सहन झालं नाही. एवढी डोळस गोष्ट मी कधी बघितलीच नव्हती.

"तुझी नजर ठीक आहे," मी मोरीतूनच म्हणालो. "ठिपका जवळ होता."

"काय?"

मी साबणाचे हात घेऊन बाहेर आलो. "साडेतीन फूट जवळ होता. दोरी आटली होती. तुला तोफ मोठा दिसला कारण तो खरंच जवळ उभा होता. असल्या अंतरावरून कोणी पेनल्टी अडवत नाही रे. अडवायचं सोड, झेलली तू! त्या मैदानावर एवढं मोठं आजवर कोणी काही केलेलं नाही, आणि ते सांगायला माझ्याशिवाय माणूस नाही, म्हणून सांगतोय."

लोणी वडिलांकडे वळला.

"साडेचौदा पावलं," सासरे शांतपणे म्हणाले. "सोळाच्या जागी साडेचौदा. सकाळीच मोजली मी."

"मामा! मग बोलला का नाहीत?"

"खात्याचा माणूस मोजत होता ना. पोस्टखात्याने मधे कशाला बोलायचं?" त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "माझ्या बाजूला गेलो आणि मीही ठिपका साडेचौदा पावलांवरच टाकला. चौकटीही तशाच. आमची पेनल्टीही आखूडच होती, जावईबापू. दोन्ही बाजू सारख्या, मग तक्रार कोणाची? एवढी वर्षं नोकरी केली. पत्ता चुकीचा असला तरी पत्र मी पोचतं करायचो."

मला धड हसताही येईना, धड रडताही. मी खुर्चीवर टेकलो.

"पण मामा, दोरी जुनी, सुती, उकळलेली. माझा काय दोष? तांत्रिकदृष्ट्या बघायला गेलं तर—"

"बघा," सासरे बायकोकडे वळून म्हणाले, "सुंभ आटला, पण पीळ गेला नाही."

लोणी मात्र हसत नव्हता. तो दोन्ही हात समोर धरून त्यांच्याकडे बघत होता, जणू कोणीतरी ते आत्ताच आणून दिलेत. मग उठला आणि चपला घालायला लागला.

"कुठे निघालास रे?" बायकोने विचारलं.

"मोजे परत घेऊन येतो." दारात थांबला. "दाजी, साडेतीन फूट? नक्की?"

"पोलादी टेपवर तीनदा मोजलंय."

"मग अजून तीन वर्षं खेळतो," तो म्हणाला, आणि जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरत गेला.

या गोष्टीला आता वर्ष झालं. लोणी खेळतोय. यंदा त्याने टेकडीच्या दोन पेनल्ट्या अडवल्या, दोन्ही पूर्ण सोळा पावलांवरून, आणि तोफेने पेनल्टी घेणंच सोडून दिलं. परवा टेकडी संघाची सभा झाली. अध्यक्ष टेबलावर हात आपटून म्हणाले, "तो लोणी गेल्या वर्षी थांबणार होता, मोजेसुद्धा देऊन मोकळा झाला होता अशी पक्की बातमी होती. मग त्याला परत कोणी उभा केला, तेवढं मला कळलं पाहिजे."

मी खाली वाकलो आणि बराच वेळ बुटाची नाडी बांधत राहिलो. माझ्या बुटांना नाडी नाही, ही गोष्ट वेगळी.